दवाखान्याचं दार किती पावलांवर?

नीटचा निकाल लागला की आठवड्याभरात माझा फोन तापायला लागतो. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळं "सरांना विचारून बघा" हा सल्ला राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत फुकट वाटला जातो. गेल्या काही वर्षांत या फोनांत एका नव्या ब्रँचचं नाव यायला लागलंय. "सर, पोरीला एमबीबीएस काय गावंना. ते बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणत्यात ते कसं हाय? डॉक्टरसारखंच असतंय न्हवं?"

दुसऱ्या तऱ्हेचा फोन जरा वेगळ्या घरातून येतो. पोरगं अकरावीपासून सॅट देतंय, वडिलांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे आणि यादीत जॉन्स हॉपकिन्स, ड्यूक, जॉर्जिया टेक अशी नावं आहेत. वडील सरळ विचारतात, "तीन कोटी घालायचं म्हटल्यावर यातलं एक नंबर कुठलं, तेवढं सांगा."

दोन घरांत जमीनअस्मानाचा फरक, पण चूक एकच. एक जण 'मेडिकल' या शब्दाला भुललाय, दुसरा विद्यापीठाच्या नावाला. चार वर्षं नेमकं काय शिकायचं हे दोघांनीही विचारलेलं नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

करोनाच्या दोन वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला होता. तो आता ड्रॉवरमध्ये, सेल संपलेल्या रिमोटशेजारी पडलेला असेल. तो काढून बघा. चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त. प्राणवायू नसला की उलटं होतं. इथवर बारावीचं फिजिक्स पुरतं. पण बोटात एकटं रक्त नसतं, कातडी, मांस, हाड, नख सगळंच असतं आणि प्रत्येकाचं बोट वेगळं. त्यातून एकट्या धमनीतल्या रक्ताचा हिशेब कसा काढायचा? जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले इलेक्ट्रिकल इंजिनिअर ताकुओ आओयागी हृदयाचं पंपिंग मोजायच्या एका वेगळ्याच कामावर होते. त्यांच्या सिग्नलमध्ये नाडीच्या ठोक्यांची लहर सारखी मध्ये मध्ये यायची आणि ती काढून टाकायचा त्यांचा खटाटोप चालला होता. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बोटात ठोक्याबरोबर कमीजास्त होतं ते फक्त धमनीतलं रक्त. बाकी सगळं जागच्या जागी असतं. मग हलणारा तेवढा भाग उचलायचा आणि दोन्ही दिव्यांचं गुणोत्तर काढायचं. 1974 मध्ये जपानमध्ये हे मांडलं गेलं. पुढं डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की काळ्या कातडीच्या रुग्णांत हे यंत्र प्राणवायूची धोक्याची घट गोऱ्यांच्या मानानं जवळपास तिप्पट वेळा चुकवतं.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे हे. शरीराचं ज्ञान लागतं, पण पोटापाण्याचं काम सिग्नल, सर्किट, पदार्थविज्ञान, प्रोग्रॅमिंग आणि गणिताचं. फूरिए, लाप्लास, डिफरन्शियल इक्वेशन यातून सुटका नाही. गणिताला घाबरून पीसीबी घेतलेल्या पोरीला 'मेडिकलच्या जवळचं' म्हणून या ब्रँचला घालणं म्हणजे पाण्याची भीती आहे म्हणून नावेवर नोकरीला लावणं. तसंही बारावीला गणित नसलं तर बहुतेक ठिकाणी दारच उघडत नाही. आणि ही पदवी घेऊन कुणी डॉक्टर होत नाही, हे पहिल्या फोनवाल्या काकांना मी आधी सांगतो. निम्मे फोन तिथंच संपतात.

आता मोठ्या नावांकडं वळू. 'एक नंबर कुठलं' याचं उत्तर ज्या याद्यांतून काढतात, त्या कशा बनतात हे फारसं कुणी बघत नाही. अमेरिकेत पदवीच्या इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांची जी यादी सगळ्यात जास्त फिरते, यूएस न्यूजची, ती नुसत्या मतांवर उभी आहे. इतर कॉलेजांचे डीन आणि ज्येष्ठ प्राध्यापक एकमेकांना गुण देतात, झालं. गावातल्या तालमींच्या वस्तादांना विचारून पैलवानांचा क्रम लावण्यासारखंच ते. अगदीच खोटं नसतं, पण त्यात जुन्या दबदब्याचा वाटा मोठा. शांघायची जागतिक यादी शोधनिबंध मोजते. त्यातून प्रयोगशाळा किती चालते ते कळतं, पहिल्या वर्षाच्या पोराला त्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला मिळतं का, ते कळत नाही. आपली एनआयआरएफ तर सगळं इंजिनिअरिंग एकाच ताजव्यात तोलते.

त्यामुळं मी एक गावठी मोजमाप वापरतो. कॉलेजच्या वर्कशॉपपासून दवाखान्याचं दार किती पावलांवर आहे, आणि पदवीच्या पोराला त्या दारातून आत घेतात का? यंत्र कुणासाठी करायचं ते बघितल्याशिवाय यंत्र होत नाही.

या मापानं हॉपकिन्सचं नाव सार्थ आहे. बाल्टिमोरमध्ये पदवीचा होमवुड कॅम्पस एकीकडं आणि जगप्रसिद्ध रुग्णालय शहराच्या पूर्व भागात, मध्ये बस धावते. म्हणजे पावलं बरीच आहेत. पण तिथं 'डिझाईन टीम' नावाची जुनी रीत आहे. डॉक्टर आपली अडचण घेऊन येतात आणि पदवीची मुलं वर्षभर तिच्यावर उपाय घडवतात. पहिल्या वर्षाच्या मुलालाही त्या टीममध्ये जागा मिळू शकते. मात्र एक मेख आहे. तिथं बायोमेडिकलच्या जागा मर्यादित, अर्जातच ती पहिली पसंती लिहावी लागते. विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि या ब्रँचला नाही, असंही होतं आणि नंतर आत शिरणं अवघड. हॉपकिन्सचं पत्र आलं म्हणून पेढे वाटण्याआधी त्यात ब्रँच कुठली लिहिली आहे ते वाचावं.

ड्यूकला इंजिनिअरिंगची इमारत आणि रुग्णालय एकाच कॅम्पसवर, चालत जाण्याच्या अंतरावर. अमेरिकेत या विषयाच्या पदवीला सगळ्यात आधी, 1972 मध्ये, अधिकृत मान्यता मिळाली ती इथंच. जॉर्जिया टेकची गोष्ट मला जास्त आवडते. तिथं मेडिकल कॉलेज नव्हतं आणि त्याच अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठात इंजिनिअरिंग नव्हतं. एक सरकारी, एक खासगी. 1997 मध्ये दोघांनी मिळून एकच विभाग काढला आणि पुढं त्याला वॉलेस कुल्टर यांचं नाव दिलं. आपण ज्या सीबीसीचा रिपोर्ट लॅबमधून आणतो, त्यातल्या रक्तपेशी विजेच्या अडथळ्यावरून मोजायची युक्ती याच गृहस्थांची. जॉर्जिया टेक सरकारी असल्यानं परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी फी हॉपकिन्सच्या जवळपास निम्मी पडते. हा आकडा यादीत एक नंबरच्या हट्टापायी झाकला जातो.

एमआयटीत तर पदवीला बायोमेडिकल इंजिनिअरिंग नावाचा मुख्य विषयच नाही. आहे ते बायोलॉजिकल इंजिनिअरिंग, आणि त्याचा ओढा पेशी आणि रेणूंकडं. ज्याला यंत्रं करायची आहेत तो तिथं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घेतो. सगळ्यात मोठ्या नावाच्या ठिकाणी या पदवीचं नावच सापडत नाही, ही गोष्ट शांतपणे विचार करण्यासारखी आहे.

आता पैशाचं. हॉपकिन्स, ड्यूकसारख्या खासगी विद्यापीठांत नुसती शिकवणी फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढं, राहणं-खाणं धरून ऐंशी हजारांच्या वर. चार वर्षांचे तीन कोटी हा फाउंड्रीवाल्यांचा अंदाज बरोबर आहे. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि मग गरजेइतकी मदत करणारी विद्यापीठं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही त्यातली. तिथं निवड झाली तर गरिबाचं पोरगंही शिकतं, पण निवड होणं म्हणजे लॉटरीच. महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, 'सारथी'ची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे, पण त्या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. टाटांची 1892 पासून चालू असलेली कर्जशिष्यवृत्ती सुद्धा पदवीनंतरचीच. म्हणजे परदेशी पदवीच्या चार वर्षांचा भार घरानं उचलायचा आणि सरकारी हात नेमका त्यानंतर मिळणार.

शिकून झाल्यावर अमेरिकेत तीन वर्षं नोकरीची मुभा मिळते, त्यानंतर एच-वन-बी व्हिसाचं बघायचं. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा माझ्याकडं आलेल्या फोनांचा सूर एकदम उतरला होता. आणखी एक गोष्ट. अमेरिकन मुलं ही पदवी बऱ्याचदा पुढं डॉक्टर व्हायची पायरी म्हणून घेतात. आपल्या मुलांना ती पायरी जवळपास बंदच आहे, कारण तिथली बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत. वर्गातला शेजारी ज्या वाटेनं निघून जाणार, ती वाट आपल्या पोराला नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

अमेरिकेपलीकडंही दारं आहेत. सिंगापूरच्या एनयूएसमध्ये केंट रिजच्या कॅम्पसला लागूनच विद्यापीठाचं रुग्णालय आहे, माझ्या पावलांच्या मापात पैकीच्या पैकी गुण. सरकारी अनुदान घेतलं तर फी बरीच उतरते, बदल्यात तीन वर्षं तिथं नोकरी करायची. जर्मनीत एर्लांगेन हे सीमेन्सच्या वैद्यकीय यंत्रांचं जुनं घर आणि तिथल्या विद्यापीठात मेडित्सिनटेक्निक नावाची पदवीच आहे. फी नगण्य, पण शिकवतात जर्मनमध्ये, आणि नुसत्या आपल्या बारावीवर थेट प्रवेश नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर वाट सोपी होते. ॲडव्हान्स्ड पास होऊनही मनासारखी आयआयटी न मिळालेली मुलं आपल्याकडं दरवर्षी हिरमुसतात. त्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असतं?

देशात बघायचं तर आयआयटी हैदराबादला बायोमेडिकलची बीटेक आहे, राउरकेला आणि रायपूरच्या एनआयटीत आहे, बनारसच्या आयआयटीत बीटेक-एमटेक जोडपदवी आहे. कानपूर, गुवाहाटी, जोधपूर, मंडीच्या आयआयटीत बायोइंजिनिअरिंग किंवा त्याच्या आसपासचं नाव. मद्रास आयआयटीनं 2023 मध्ये वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग काढून चार वर्षांची बीएस पदवी सुरू केली. तिचा प्रवेश जेईईनं होत नाही, आयसरच्या चाचणीतून होतो. जेईईच्या या सगळ्या ठिकाणी कटऑफ इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटरच्या बराच खाली असतो. मग 'आयआयटी तर मिळाली' म्हणून पोरगं येतं आणि दुसऱ्या वर्षापासून ब्रँच बदलायच्या नाहीतर कोडिंगच्या नोकरीच्या मागं लागतं. शिक्का आयआयटीचा, जीव भलतीकडं. माझ्या मते देशातला हा सगळ्यात महागडा सौदा, पैशानं नाही, वर्षांनी.

मणिपालचं मात्र मला नेहमी कौतुक वाटतं. 1953 चं कस्तुरबा मेडिकल कॉलेज आणि इंजिनिअरिंगचं मणिपाल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी एकाच गावात. फी खासगीच्या हिशेबानं जड, पण दार जवळ आहे.

महाराष्ट्रात चित्र विरळ होत गेलंय. मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांत, वांद्र्याच्या थडोमल शहानीत, विलेपार्ल्याच्या संघवीत, वडाळ्याच्या विद्यालंकारमध्ये ही ब्रँच होती. पुढं काही ठिकाणी ती बंद झाली आणि कॉम्प्युटर, डेटा सायन्सच्या जागा वाढत गेल्या. कामोठ्याला एमजीएममध्ये इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्ही आहे. पवईच्या आयआयटीत या विषयातली एमटेक आणि संशोधन जुनं आहे, बीटेक नाही. पण महाराष्ट्रातलं या विषयातलं सगळ्यात जिवंत काम तिथंच झालं. 2014 मध्ये मेकॅनिकलच्या प्रा. बी. रवी यांनी राज्य सरकारच्या पाठबळानं 'बेटिक' हे केंद्र उभं केलं. पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत त्याच्या शाखा झाल्या. डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसले आणि साध्या स्टेथोस्कोपला जोडून आवाज मोठा, स्वच्छ करणाऱ्या उपकरणासारख्या वस्तू बाजारापर्यंत गेल्या. 2020 मध्ये पुण्यात नोकार्क कंपनीच्या तरुणांनी करोनाच्या धामधुमीत काही महिन्यांत व्हेंटिलेटर केला, ते कानपूर आयआयटीचे इंजिनिअर. बाहेरही मूळ ब्रँचवालेच दिसतात. सीटी स्कॅनसाठी नोबेल मिळालेले हाउन्सफील्ड इलेक्ट्रिकलवाले आणि त्यांच्याकडं विद्यापीठाची पदवीही नव्हती, डिप्लोमा होता. हॉपकिन्सच्या बायोमेडिकल विभागात 1983 पासून शिकवणारे नितीश ठाकोर 1974 मध्ये पवईहून इलेक्ट्रिकल करून गेले.

माझ्या बोलण्याचा कल आता लपत नाही. शंभरातल्या नव्वद मुलांना माझं सांगणं असं, की पदवीला मूळ ब्रँच घ्या. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटर, मिळेल त्यातल्या सगळ्यात चांगल्या ठिकाणी. सांगलीचं वालचंद मिळालं तर राउरकेल्याच्या आयकार्डसाठी झुरू नका. चार वर्षांत शरीरशास्त्राचे दोन विषय जास्तीचे करा, प्रोजेक्ट दवाखान्यातला घ्या आणि मग बायोमेडिकलला पदव्युत्तर शिक्षणासाठी जा. 2020 पासून गेटमध्येही बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. परदेशी जायचं तर त्या टप्प्यावर शिष्यवृत्त्या आहेत, खर्च निम्म्याहून कमी आणि पोरगं बावीस वर्षांचं, कळतं झालेलं. उरलेल्या दहांत दोन प्रकार येतात. ज्याच्या घरी तीन कोटी कर्ज न काढता आहेत आणि हातात हॉपकिन्स, ड्यूकची नेमक्या याच ब्रँचची जागा आहे, त्यानं खुशाल जावं. आणि ज्याला नववीपासून हेच करायचं आहे, त्यानं हैदराबाद किंवा मणिपाल कुणाच्या कुजबुजीला न भिता घ्यावं.

"पण सर, या ब्रँचला कोल्हापुरात काय काम हाय?" हा प्रश्न हमखास येतो. गेल्या वर्षीची गोष्ट. शहरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नातेवाइकाला बघायला गेलो होतो. कोपऱ्यात एक पेशंट मॉनिटर, त्यावर उशीचा अभ्रा टाकलेला आणि वर चिकटपट्टीनं कागद, 'सर्व्हिस कॉल दिला आहे'. पुण्याहून माणूस यायचा होता, सहा दिवस झाले होते. माझा एक जुना विद्यार्थी, डिप्लोमावाला, अशीच कामं करतो, त्याला बोलावलं. त्यानं मॉनिटरला हात लावायच्या आधी बोटाच्या चिमट्याची वायर हळूहळू वाकवून बघितली. प्लगपासून चार बोटांवर ती आतून तुटली होती. एका ठरावीक कोनात धरली की पडद्यावर लहर उमटायची, सोडली की सपाट. दुसरी वायर लावली, मशीन चालू. अभ्रा घडी करून सिस्टरनी कपाटात ठेवला.

देशात लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी सत्तर-ऐंशी टक्के आयात होतात, असं सरकारी कागदच सांगतात. ती बसवणारी, तपासणारी, दुरुस्त करणारी माणसं मात्र आयात करता येत नाहीत. वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाल्यावर तर गुणवत्ता आणि परवान्यांचं काम जाणणाऱ्यांची गरज वाढली आहे. आणि करायचंच म्हटलं तर कोल्हापूरकराला लांबही बघायला नको. आंबा घाट उतरून साखरप्याला उजवीकडं वळलं की देवरुखजवळच्या साडवलीत हाडं जोडायच्या प्लेटा आणि स्क्रू बनवणारा सुश्रुत-ॲडलरचा कारखाना उभा राहिला. 2013 मध्ये ब्रिटनच्या स्मिथ अँड नेफ्यूनं त्यांचा हा अस्थिभंगाच्या उपचारांचा व्यवसाय विकत घेतला, एवढी त्या कामाची पत होती. धातू ओतण्यात आणि घासण्यात ज्या शहराच्या पिढ्या गेल्या, त्या आमच्या उद्यमनगर-शिरोलीनं पंपाचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग भरपूर केले. गुडघ्याच्या सांध्याकडं अजून वळून बघितलेलं नाही. ओतकाम इथं, सीपीआर दवाखाना शहराच्या मध्यात, बावड्याला इंजिनिअरिंग कॉलेज आणि जवळच कदमवाडीला डी. वाय. पाटलांचं मेडिकल. अटलांटात दोन विद्यापीठांनी जे मुद्दाम जुळवून आणलं, ते इथं रिक्षाच्या भाड्यात आहे. जुळवणारा मात्र कुणी नाही.

फाउंड्रीवाल्यांच्या पोराला मी हेच सांगितलं. अमेरिकेतल्या लवकरच्या अर्जांची मुदत साधारण 1 नोव्हेंबरला संपते, आपल्याकडचे प्रवेशाचे राऊंड जूनपासून. या दोन्हींच्या आधी गणपतीची सुट्टी येते. तेव्हा पालकांनो, एवढं करा. त्या सुट्टीत पोराला कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या बायोमेडिकल विभागात आठ दिवस बसवा. तळघरात असतो तो बहुतेक वेळा, पाटी शोधावी लागते. आठ दिवसांनी पोरगं कंटाळून घरी आलं तर तीन कोटी वाचले. नवव्या दिवशीही गेलं, तर मला फोन करा.